छत्रीवालीचा डावा डोळा

१

डॉक्टरांच्या काचेच्या कपाटातून काहीच नाहीसं झालं नव्हतं, आणि तरीही चोरी झाली म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

कपाटाच्या चारही फळ्या भरलेल्या होत्या. तलवार उपसलेले योद्धे, मांजराच्या कानांच्या मुली, जांभई देणारा हिरवा ड्रॅगन, सगळी जपानी ॲनिमे मालिकांमधली पात्रं, वीतभर उंचीची, एकाला एक खेटून दाटीने उभी. मधल्या फळीवर, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बरोबर नजरेसमोर, छत्रीवाली होती. निळे केस, लाल छत्री, एक पाय हवेत आणि दुसरा पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबक्यात. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की डॉक्टर समोरच्या खुर्चीत टेकायचे आणि तिच्याकडे बघत दिवसाचा शीण घालवायचे.

"ही ती नाही," डॉक्टर म्हणाले. "अक्का, कुणीतरी माझी खरी छत्रीवाली नेली आणि तिच्या जागी ही नकली उभी केली."

अक्कांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. त्या डॉक्टरांच्या थोरल्या बहीण. आयुष्यभर विमा कंपनीच्या सर्व्हेअर म्हणून जळक्या गोदामांतून आणि चेपलेल्या गाड्यांभोवती फिरल्या होत्या. आग लागली की लावली, हे त्यांना राखेच्या रंगावरून कळायचं असं लोक म्हणत. खरं म्हणजे त्यांना ते माणसांच्या बोलण्यावरून कळायचं. पण राखेची ख्याती मोठी झाली होती आणि ती खोडून काढण्याच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

"मला तर ही बाहुली चांगली दिसतेय, छोटू."

"बाहुली नाही, फिगर," साठीला टेकलेला छोटू फणकारला. दातांच्या डॉक्टरला या वयात छोटू म्हणायची हिंमत जगात एकट्या अक्कांचीच होती.

खरं तर त्यांना बोलावलं होतं भावजयीने. "वन्सं, लवकर या बाई," ती फोनवर म्हणाली होती. "हे धड जेवत नाहीत, धड बोलत नाहीत, आणि रविवारी भलतंच काहीतरी करायला निघालेत."

अक्कांनी चहाचा कप उचलला. "रविवारी काय आहे?"

"आमच्या संग्राहकांचा मेळावा. दर वर्षी मी तिथे खरी फिगर आणि नकली फिगर कशी ओळखायची ते शिकवतो. या वर्षी त्याच्याआधी मी एक नाव जाहीर करणार आहे. कोण फसवतं, ते सगळ्यांना कळू दे. तसं मी कळवूनही ठेवलंय."

"कुणाचं नाव?"

"भिंगोजीचं."

अक्कांचा कप ओठांपाशी थांबला. छोटूला जगात मित्र असा एकच होता, आणि त्याचंच नाव भिंगोजी.

२

भिंगोजी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गळ्यात दोरी बांधून सदैव एक भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून ते भिंगोजी. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं फिगरचं दुकान होतं. डॉक्टरांनी पहिली फिगर तिथूनच घेतली, ती म्हणजे छत्रीवाली. त्याला वीसेक वर्षं झाली. त्यानंतर कपाट भरत गेलं आणि मैत्रीही. दर बुधवारी भिंगोजी यायचे, दोघं कपाटासमोर बसायचे, कधी तासभर बोलायचे, कधी तासभर गप्प राहायचे.

"गेल्या बुधवारी आम्ही इथेच बसलो होतो," डॉक्टर सांगू लागले. "एक बाई दात तुटला म्हणून रडत आली. मी पुढे दवाखान्यात गेलो, अर्ध्या तासाने परत आलो, तर हा निघून गेलेला. चहा तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ही!"

"किल्ली?"

"या खणात. त्याला ठाऊक आहे."

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"बायकोला. जावयालाही." डॉक्टर जरा घुटमळले. "जावई फिगर रंगवतो, अक्का. ही नकली त्याने रंगवली असेल आणि भिंगोजीने आणून ठेवली असेल, असंही मला वाटून गेलं. पण भिंगोजीला मी फोन करून सरळ विचारलं, तू बदललीस का? तर हो नाही की नाही नाही. फोन ठेवून दिला. चोर नसता तर शिव्या नसत्या दिल्या?"

हे मात्र अक्कांना पटलं. खोटा आळ आला की माणूस आधी तोंड सोडतो. भिंगोजी गप्प बसले, म्हणजे ते काहीतरी पोटात ठेवून होते.

"आता मला सांग, ही नकली कशावरून?"

डॉक्टरांचा चेहरा खुलला. हा त्यांचा विषय होता. "डावा डोळा बघ. माझ्या छत्रीवालीचा डावा डोळा किंचित खाली होता. हाताने रंगवलेल्या खऱ्या मालाची ती खूण. मशीनचा नकली माल असा सरळसोट असतो. ही छत्री बघ, ताठ! माझीची जरा कलती होती, तिच्यात जीव होता. हा झग्याचा काठ बघ, किती टोकदार रेष! आणि हा पाय." त्यांनी मूर्ती डबक्यातून उपटली. तळव्यातली छोटी खुंटी टक् आवाज करून बाहेर आली. "माझीची खुंटी सैल होती, मी तिला पुट्टीसारखी चिकट लांबी लावून बसवायचो. ही बघ, लांबीशिवायच घट्ट बसलीये."

अक्का ऐकत होत्या आणि फळीवरून बोट फिरवत होत्या. छत्रीवालीच्या जागी काचेवर एक गोल, तेलकट वळ होता. बोट चिकट झालं.

"हे काय?"

"तिला घाम यायचा," डॉक्टर मायेने म्हणाले. "जुनं जपानी प्लॅस्टिक तसं चिकट होतं. मी दर महिन्याला कोमट पाण्याने आंघोळ घालायचो."

अक्कांनी ड्रॅगन उचलला. खालची काच कोरडी ठणठणीत. "याला नाही घाम येत? हा नवा आहे का?"

"छे, त्याच कंपनीचा, त्याच वर्षाचा. तो आपला थंड डोक्याचा आहे." आणि डॉक्टर पुन्हा काठाच्या रेषेकडे वळले.

माळ्यावरून छत्रीवालीचं खोकं काढून आणलं. डॉक्टर खोकी कधी टाकत नसत. टाकणाऱ्याला ते संग्राहकच मानत नसत. खोक्यावरच्या फोटोत छत्रीवालीचे दोन्ही डोळे एका रेषेत होते आणि छत्री ताठ होती.

"छोटू, या फोटोतली तर तुझ्या या नकलीसारखीच दिसतेय."

"अगं, तो फोटो नमुन्याचा असतो. कंपनी एकच नमुना हाताने झकास रंगवून घेते आणि त्याचा फोटो छापते. खोक्यात येणारी फिगर नेहमी जराशी वेगळी असते. हे नवशिक्यालाही माहीत असतं."

अक्कांना ते माहीत नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी रुमाल काढला. "मी हिला दोन दिवस घेऊन जाऊ?"

"खुशाल ने. त्या नकलीला घेऊन कुठेही जा. परत नाही आणलीस तरी चालेल."

इतक्या वर्षांत या कपाटातली धूळसुद्धा कुणाला उचलू न देणारा भाऊ हे बोलला, आणि अक्कांना त्याची पहिल्यांदाच काळजी वाटली.

३

भावजय स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शिलाई मशीन घेऊन बसली होती. मशीनच्या एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला पिठाचे डबे. कपाटाची मागची खोली आपल्याला शिवणासाठी मिळावी म्हणून तिने लग्न झाल्यापासून जंग जंग पछाडलं होतं.

"माझ्यावर संशय असेल तर विचारा बरं का, वन्सं. मनात ठेवू नका," ती दोरा दाताने तोडत म्हणाली. "पण मला न्यायच्या असत्या तर सगळ्याच नेल्या असत्या. एक बाहुली हलवून माझी मशीन मावणार आहे का तिथे? आणि ह्यांनी मला कपाटाला फडकं कधी लावू दिलंय, की मला कुठली कशी ते कळावं?"

"भिंगोजी बुधवारी निघाले तेव्हा तू होतीस?"

"होते की. मी म्हटलं, भाऊजी, चहा तरी संपवा. तर म्हणाले, राहू द्या वहिनी, आज बऱ्याच दिवसांनी मला झोप लागेल." तिने मशीनचं चाक थांबवलं. "चोरी करून कुणी असं म्हणतं का हो? मला तर त्या माणसाचा चेहरा ताप उतरल्यासारखा वाटला. ह्यांना सांगायला गेले, तर म्हणतात तुला फिगरमधलं काय कळतं!"

अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या गल्लीतल्या लेकीजावयाच्या घराचा रस्ता धरला. भाची कामावर गेली होती. जावई घरीच होता, तोंडाला मास्क, हातात पेनाएवढा रंगाचा फवारा. टेबलावर काड्यांना टोचलेली मुंडकी ओळीने सुकत होती, कुणाला डोळे होते, कुणाला अजून यायचे होते. घरबसल्या बिनरंगाच्या फिगर रंगवून देणं हा त्याचा धंदा. त्याला आजवर सासऱ्यांसमोर सलग तीन वाक्यं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"जावईबापू, ही तुम्ही रंगवली का?" अक्कांनी रुमाल उलगडला.

जावयाने मास्क उतरवला. मूर्ती दिव्याखाली धरली, काठाची रेष बघितली, डोळे बघितले, छत्री बोटाने हलकेच दाबून पाहिली.

"आत्या, माझ्या हाताने अशी रेष आली असती तर मी भिंतीवर लावून ठेवली असती." त्याने दाराकडे नजर टाकली, जणू सासरे तिथे उभेच होते. "एक सांगू का? पण आमच्या सासऱ्यांना कळता कामा नये."

"आधी सांगा, मग ठरवू."

"ही नकली नाहीये," जावई म्हणाला. "नकली ती होती. आधीची."

४

अक्का मटकन खुर्चीत बसल्या. खुर्चीवर ओले रंगवलेले दोन हात होते, ते जावयाने वेळेवर ओढून काढले म्हणून बरं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लग्न ठरवायला घरी आलो होतो, त्या दिवसापासून. सासऱ्यांनी मला कपाटापुढे उभं केलं आणि छत्रीवाली हातात दिली. म्हणाले, हिचा डावा डोळा बघा, खऱ्याची खूण. मी बघितलं. डोळा वाकडा, काठ पसरलेला, खुंटी सैल, अंग चिकट. कॉपी करणारे हलकं प्लॅस्टिक वापरतात, आत्या, ते लवकर पाझरतं आणि वाकतं. पण मुलगी मागायला आलेल्या माणसाने काय म्हणायचं? मी म्हटलं, वा!"

"आणि मग?"

"मग वा म्हणतच राहिलो."

अक्कांना हसू आवरेना. पण हसता हसता त्यांच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसत होतं. ड्रॅगन त्याच कंपनीचा, त्याच वर्षाचा. त्याचे डोळे एका रेषेत, अंग कोरडं. कपाटातल्या कुठल्याच मूर्तीला घाम येत नव्हता. त्या एकीलाच यायचा, आणि छोटूने त्या एकीवरूनच खऱ्याचे सगळे नियम बांधले होते. त्याची पहिली फिगर ती. प्रेम आधी बसलं, अभ्यास नंतर आला, आणि अभ्यासाने निमूटपणे प्रेमाच्या मागून चालायचं ठरवलं. खोक्यावरच्या फोटोने समोर उभं राहून सांगितलं तरी त्याच्याकडे उत्तर तयार होतं, कारण तेवढं ज्ञान त्याने आता कमावलं होतं.

नोकरीत अक्कांची एक सवय होती. लोक गेलेल्या मालाबद्दल बोलत, आणि त्या उरलेला माल बघत. इथे उरलेला माल गेलेल्यापेक्षा चांगला होता. चोर असं करत नाही. असं करतो तो देणेकरी, आणि देणं कुणाचं हे शोधायला फार लांब जायची गरज नव्हती.

भिंगोजींचं दुकान म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जावं असं. जमिनीपासून छतापर्यंत खोकी. गल्ल्याच्या वर पाटी: 'इथे नकली माल मिळत नाही. मिळाल्यास दुकान बंद करीन.' खाली ठसठशीत सही. गल्ल्यामागे एक बुटकी काचेची फळी होती, तिच्यावर चिठ्ठी, 'विक्रीसाठी नाही'. त्या फळीवर भिंगोजींच्या स्वतःच्या लाडक्या फिगर उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये धुळीत दोन स्वच्छ गोल रिकामे होते.

अक्कांनी रुमाल गल्ल्यावर ठेवला आणि उलगडला.

"ही मिळवायला त्या दोघी दिल्यात ना?" त्यांनी रिकाम्या गोलांकडे बोट केलं.

भिंगोजींनी गळ्यातलं भिंग हातात घट्ट धरलं. मग हळूच स्टुलावर बसले.

"कळलं तर तुम्हाला."

"माझं सोडा. त्याला का नाही सांगितलंत?"

"मी त्याला विकली तेव्हा मलाही माहीत नव्हतं, अक्का. धंद्यात नवा होतो. एका मोठ्या खोक्यातून दहा आल्या, त्यातली एक ती. पुढे तीन-चार वर्षांनी एका गिऱ्हाईकाकडची खरी छत्रीवाली पहिल्यांदा हातात धरली, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याच रविवारी सगळं सांगायचं ठरवून मेळाव्याला गेलो. तर हा स्टेजवर, हातात ती, आणि पन्नास पोरांना तिचा डावा डोळा दाखवतोय. सगळी पोरं वहीत लिहून घेतायत." त्यांनी पाटीकडे पाहिलंही नाही. "दुकानाची भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या तोंडावरचा तो आनंद! तो मला पुसता येईना."

"मग इतकी वर्षं?"

"शोधत होतो. एकदाची सापडली. वाटलं, गुपचूप बदलावी. त्याला वाटेल उन्हाने वाकली होती ती थंडीत सरळ झाली. चांगली दिसली की खूश होईल." ते ओशाळं हसले. "मी मूर्ख. त्याने तिला महिन्या महिन्याला हाताने आंघोळ घातलीय. तो फसेल कसा?"

"आणि त्याने फोन केला तेव्हा?"

"काय बोलणार? बदललीस का म्हणाला. बदललीच होती. पुढचं सांगितलं असतं तर त्याच्या वीस वर्षांवर पाणी. म्हटलं, त्याला मी चोर वाटतो तर वाटू दे. रविवारी नाव घेईल, चार लोक थुंकतील, दुकान बंद होईल. तो तरी ताठ राहील."

अक्का उठल्या. "शहाणे आहात. तो ताठ राहील आणि बुधवारी कुणासमोर बसेल? उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर चला. आणि ती जुनी कुठे आहे?"

नकली माल हातात आला की भिंगोजी तो कात्रीने कापून टाकायचे, साऱ्या गावाला ठाऊक होतं. खणातली मोठी कात्री त्यांनी पुढे सरकवली आणि मान खाली घातली.

५

शनिवारी संध्याकाळी अक्कांनी भिंगोजींना दवाखान्यात पेशंटच्या बाकावर बसवलं, गाल धरून बसलेल्या एका गृहस्थाच्या शेजारी, आणि स्वतः आत गेल्या.

छत्रीवाली आणि ड्रॅगन त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"छोटू, हा ड्रॅगन खरा आहे ना?"

"शंभर टक्के."

"त्याचे डोळे बघ. काठाच्या रेषा बघ. पायाची खुंटी काढून बघ. आता हिचं बघ. आणि मला फरक सांग."

डॉक्टर आधी हसले. मग दात बघायची छोटी बॅटरी काढून त्यांनी ड्रॅगनचे डोळे बघितले. छत्रीवालीचे बघितले. खुंटी काढली, घातली. टक्. ड्रॅगनची काढली. टक्. मग त्यांनी कपाटातून एक योद्धा आणला, एक मांजराच्या कानांची मुलगी आणली. टक्, टक्. बॅटरी धरलेला हात हळूहळू खाली आला.

"सगळ्या एकसारख्या आहेत," अक्का शांतपणे म्हणाल्या. "फक्त तुझी वेगळी होती. घाम फक्त तिलाच यायचा. आणि खोक्यावरचा फोटो खरंच बोलत होता. भिंगोजींनी तुझी खरी नेली नाही रे. खरी आणून ठेवली. विकताना त्यांनाही ठाऊक नव्हतं. कळल्यापासून ते ही शोधत होते."

दाराबाहेर कुणीतरी खोकलं. भिंगोजी आत येऊन उभे राहिले होते.

डॉक्टरांचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे, अक्कांना आठवलं, आणि त्यांना वाटलं उगीच यात पडले, लोकांच्या गोदामांत शोध घेणं बरं, आपल्या माणसाच्या छातीत नको.

"मी शिकवत होतो," डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं. पोरांनी आपापल्या कपाटातल्या खऱ्या फिगर फेकून दिल्या असतील, माझं ऐकून." मग त्यांनी मान वर केली. "आणि तू समोर बसून ऐकत होतास!"

"हो," भिंगोजी म्हणाले.

"जावयालाही ठाऊक असेल."

अक्का खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक होतं!" डॉक्टर उठले, दोन पावलं चालले, परत आले. भिंगोजींसमोर उभे राहिले. "माझी कुठे आहे?"

"अं?"

"चोरी झाली म्हणत होतो ना मी? झालीच की. माझी फिगर माझ्या कपाटातून गेली. ती कुठे आहे? कापलीस?"

भिंगोजींनी पिशवीत हात घातला. मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली ती बाहेर आली, कलती छत्री, किंचित खाली उतरलेला डावा डोळा. "कात्री लावली होती," ते म्हणाले. "मिटवता आली नाही."

डॉक्टरांनी ती घेतली. अंगठ्याने तिच्या गालावरचा चिकटपणा पुसला. मग कपाट उघडून तिला तिच्या तेलकट वळावर ठेवलं, तोल सांभाळत, लांबी लावून. भिंगोजींकडे त्यांनी पाहिलं नाही.

"आणि उद्या?" अक्कांनी विचारलं.

"उद्या नाव घेणार असं मी सगळ्यांना कळवलंय," डॉक्टर म्हणाले. "मी शब्द फिरवत नाही. दोन्ही बरोबर नेईन. भिंगोजी, तूही ये."

एवढं बोलून ते दवाखान्यात निघून गेले. गाल धरलेला गृहस्थ मघापासून ताटकळला होता.

६

मेळावा एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बाकं मुलांची, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीला टेकत होते. अक्का आणि भावजय पुढच्या रांगेत बसल्या. भिंगोजी अगदी मागे, दाराजवळ. जावई भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आज तरी वा नव्हतं.

डॉक्टरांनी टेबलावर दोन छत्रीवाल्या ठेवल्या.

"यातली एक खरी, एक नकली. या, बघा, हातात घ्या, आणि खरी वाटेल तिच्याकडे हात करा."

लोक रांगेने आले. भिंगं निघाली, बॅटऱ्या निघाल्या. हे सगळे डॉक्टरांचेच विद्यार्थी. एकेकाने डावा डोळा बघितला, छत्रीचा कल बघितला, आणि समाधानाने मान हलवत हात केला. हॉलमधले जवळजवळ सगळे हात एकाच मूर्तीकडे होते, तिरप्या छत्रीच्या. भावजयीने अक्कांचा हात दाबला.

"हात खाली घ्या," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सगळे चुकलात. ही नकली आहे. ही माझी आहे, आणि हिच्यावरून मी तुम्हाला इतकी वर्षं शिकवलं. मी नाव जाहीर करणार होतो ना? नकलीला खरी म्हणून तुमच्यापुढे मांडणारा माणूस. तो मी. जे लिहून घेतलंत ते खोडा. पुढच्या वेळेपासून हे भिंगोजी शिकवतील, त्यांनी खरी ओळखली आणि मला आणून दाखवली."

कुणीतरी घसा खाकरला. मग मधल्या रांगेतल्या एका जाडजूड गृहस्थाने हात वर केला. दर वर्षी अडचणीचा प्रश्न विचारायचा मान त्याच्याकडे असायचा.

"डॉक्टर, ही नकली तुम्हाला विकली कुणी? ते तर कळू द्या. आम्ही पण त्याच दुकानात जात असू."

अक्कांना मागे बाक करकरल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं. भिंगोजी उठत होते, बाकाला धरून, भिंग छातीवर हेलकावत, तोंड बोलायला उघडलेलं.

डॉक्टरांना आलेल्या प्रत्येक पेशंटचा प्रत्येक दात आठवायचा. कुठली फिगर कुठल्या दिवशी, कुठल्या पावसात की उन्हात घेतली, हे ते झोपेतही सांगत.

"आठवत नाही," ते म्हणाले. "फार वर्षं झाली हो."

भिंगोजी अर्धवट उभेच होते. डॉक्टरांनी टेबलावरून त्यांच्याकडे बघितलं.

"तू काय उभा राहतोस?" ते ओरडले. "बस ना खाली! मागच्यांना दिसत नाहीये."

भिंगोजींच्या मागे फक्त दार होतं.